उपेंद्र टिपणीसांचे सहा मोड

मनुष्याला एकच स्वभाव देऊन निसर्गाने जी चूक करून ठेवली होती, ती मोटार उद्योगाने अलीकडे दुरुस्त केली आहे. आता माणूस घरून निघताना काटकसरी, पुढच्या चौकात सुखासीन आणि सिग्नल हिरवा होताच आक्रमक होऊ शकतो. त्यासाठी मनावर ताबा वगैरे मिळवावा लागत नाही, गिअरशेजारचा नॉब फिरवला की झालं. पूर्वी याच कामासाठी लोक चाळीस-चाळीस वर्षं साधना करत. (निकाल फारसे समाधानकारक नसत.)

या सुधारणेचा लाभ घेतलेल्यांपैकी एक म्हणजे उपेंद्र टिपणीस. वय बावन्न, मुक्काम दुबईत डिस्कव्हरी गार्डन्स, नोकरी अबुधाबीत, तेल कंपन्यांना पंप पुरवणाऱ्या एका फर्मच्या कॉन्ट्रॅक्ट्स विभागात. एकवीस वर्षांत त्यांनी वेगाच्या बाबतीत कुणाला तक्रारीला जागा दिली नव्हती. फेब्रुवारीत फर्मने फेररचना केली. अकरा वर्षांपूर्वी ज्याला टिपणीसांनी टेंडरचा फॉर्म भरायला शिकवला होता तो राजन विभागप्रमुख झाला आणि टिपणीसांना ‘लीड, स्ट्रॅटेजिक इनिशिएटिव्ह्ज’ असं पद मिळालं. ही बढती आहे, असं पत्रात दोनदा लिहिलं होतं. बायकोने, म्हणजे अपर्णाने, हाताखाली किती जण असणार असं विचारलं, तेव्हा टिपणीस म्हणाले की यात कन्सेप्टच वेगळी आहे. चार दिवसांनी ते स्पोर्ट्स कारच्या शोरूममध्ये होते.

गाडीचं नाव तोरवेला. शोरूममधला सेल्समन मुझम्मिल हैदराबादचा होता, आणि त्याला माणूस दारातून आत येताना कुठल्या श्रेणीपर्यंत चढेल हे कळत असे. तोरवेलाच्या श्रेणी पाच. साधी तोरवेला, हिच्यात इको आणि कम्फर्ट हे दोन मोड. तिच्यावर ‘एस’, हिच्यात वेट मोड जादा, म्हणजे पावसात गाडी घसरू नये म्हणून. (अमिरातीत वर्षाकाठी मोजके दिवस पाऊस पडतो आणि त्या दिवसांत शहाणी माणसं घरी बसतात. एस घेणाऱ्यांना मात्र आभाळाकडे बघायची सवय लागते.) त्यावर ‘जीटी’, हिच्यात स्पोर्ट. त्यावर ‘जीटी प्लस’, हिच्यात स्पोर्ट प्लस आणि इंडिव्हिज्युअल. सर्वांत वर ‘ब्लॅक’. ब्लॅकमध्ये सगळं जीटी प्लसचंच असतं, फक्त मागचं नाव काळ्या अक्षरांत असतं आणि गाडीही काळी असल्यामुळे ते वाचता येत नाही. ही श्रेणी विकत मिळत नाही, तिचं वाटप होतं.

टिपणीस साध्या श्रेणीसमोर थोडे रेंगाळले. मुझम्मिलने त्यांना अजिबात आग्रह केला नाही. तो एवढंच म्हणाला, “ये भी बहुत अच्छी है सर. आपकी एज में सब यही लेते हैं.”

टिपणीसांनी जीटी प्लस घेतली.

घरी आकडा सांगायची वेळ आली तेव्हा तो त्यांनी दिरहममध्ये सांगितला, तीन लाख ऐंशी हजार. अपर्णाने इकडे वीस वर्षं काढलेल्या बाईच्या सराईतपणे तो जागच्या जागी रुपयांत नेला आणि म्हणाली, “नव्वद लाखांत डोंबिवलीला टू बीएचके येतो.”

“त्याला मोड नसतात,” टिपणीस म्हणाले.

गाडी दारात आली आणि टिपणीसांच्या आयुष्याला शिस्त लागली. कुठला मोड केव्हा, याचे नियम त्यांनी आठवड्याभरात ठरवले. बेसमेंटमधून बाहेर पडताना इको, कारण शेजारी झोपलेले असतात. टोलच्या कमानीखाली कम्फर्ट. हायवेला लागलं की स्पोर्ट. अबुधाबीची हद्द सुरू झाली की स्पोर्ट प्लस. त्या हद्दीत मर्यादा ताशी एकशे चाळीस आणि कॅमेरे डोळ्यांत तेल घालून बसलेले, त्यामुळे टिपणीस स्पोर्ट प्लसमध्ये एकशे एकोणचाळीसने जात. शेजारच्या लेनमधून भाड्याची एक लहानशी सेडानही एकशे एकोणचाळीसनेच जात असे. पण तिच्यातला माणूस ते नाइलाजाने करत होता आणि टिपणीस निवडीने करत होते, हा फरक बाहेरून दिसण्यासारखा नव्हता.

इंडिव्हिज्युअल हा मोड सर्वांत वरचा मानला जातो, कारण त्यात माणसाला आपलं व्यक्तिमत्त्व स्वतः जुळवता येतं. टिपणीसांनी ते जुळवायला एक अख्खा शनिवार दिला. मणक्यात गॅप असल्यामुळे सस्पेन्शन कम्फर्टवर ठेवलं. खांदा धरत असल्यामुळे स्टिअरिंग कम्फर्टवर ठेवलं. पेट्रोलचे भाव दर महिन्याला बदलत असल्यामुळे इंजिन इकोवर ठेवलं. आवाज तेवढा स्पोर्ट प्लसवर ठेवला. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाची इतकी अचूक व्याख्या आजवर कुठल्याही शास्त्राला साधलेली नाही.

कुटुंबावरही परिणाम झाला. मुलगी मिहिका युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला होती. जन्म इथलाच, त्यामुळे ती मराठी समजून घ्यायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. बाबांनी स्पोर्ट लावून फरक कळला का असं विचारलं, की ती फोनमधून डोकं न काढता म्हणायची, “बाबा, वी आर डुइंग फॉर्टी.” तिला यंत्रातलं फार कळत नसे. अपर्णाला मात्र कळत होतं. स्पोर्ट लागला की पाचव्या मिनिटाला तिच्या पोटात ढवळायला लागे. ती आलेपाकाची वडी तोंडात टाके आणि म्हणे, “तो तुझा स्पोर्ट काढ आधी.” टिपणीस कम्फर्ट लावत, आणि दुसऱ्या मिनिटाला तिला बरं वाटे. वरच्या मजल्यावरच्या स्वप्नालीवहिनींना तर स्पोर्ट प्लसमध्ये इतकं गरगरलं, की त्या मेट्रो स्टेशनलाच उतरल्या. टिपणीसांनी ही हकीकत बऱ्याच ठिकाणी सांगितली. ऑफिसात हाताखाली कुणी नसलेल्या माणसाच्या एका बोटाने तीन बायकांपैकी दोघींना घेरी येत होती, ही गोष्ट लहान नव्हती.

असे नऊ महिने गेले.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी जेवण झाल्यावर टिपणीसांच्या छातीत दुखायला लागलं. आधी त्यांनी दोष वांग्याच्या भरताला दिला. मग डावा हात जड झाला, घाम फुटला, आणि ते सोफ्यावर बसले ते आडवेच झाले. अपर्णाने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पण तिची वाट बघण्यापेक्षा बेसमेंटमधली तोरवेला बरी, ती लिफ्टच्या दारापासून वीस पावलांवर आहे, हेही तिच्या ध्यानात आलं. मिहिकाने बाबांना एका बाजूने धरलं. बाबा मॉम विल ड्राइव्ह, डोन्ट टॉक, असं ती सारखं म्हणत होती.

अपर्णाला लायसन सहाव्या प्रयत्नात मिळालं होतं आणि तोरवेलाला तिने आजवर हात लावला नव्हता. तिने सीट पुढे ओढली आणि गाडी काढली. पुढे काय झालं ते टिपणीसांनी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहिलं. वळणावर गाडी जमिनीला चिकटून गेली. पुढची बस एकदम मागे पडली. रविवारसाठी पाण्याचे कॅन भरून चाललेला ट्रक बाजूला झाला, किंवा टिपणीसांना तसं वाटलं. छातीवर जातं ठेवल्यासारखं होत असताना टिपणीसांची नजर नॉबवर गेली. तो इकोवर होता. त्यांना ते सहन झालं नाही. जिवावर बेतलेलं असताना माणसाने इकोमध्ये जावं हे त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी हात लांब करून नॉब स्पोर्ट प्लसकडे न्यायचा प्रयत्न केला.

अपर्णाने रस्त्यावरची नजर न काढता त्यांच्या हातावर चापट मारली. “हात खाली ठेव, उपेंद्र.”

हॉस्पिटल नऊ मिनिटांत आलं.

एका रक्तवाहिनीत अडथळा होता. स्टेंट घालायचा ठरला. डॉक्टरांनी सांगितलं, की दोन प्रकार आहेत, तुमच्या केसमध्ये दोन्ही सारखंच काम करतील, इन्शुरन्समध्ये पहिला बसतो. टिपणीसांनी ऑक्सिजनची नळी जरा बाजूला सारून विचारलं, “वरचा कुठला?”

अपर्णा इतका वेळ रडली नव्हती, ती त्यावर रडली. डॉक्टरांना वाटलं की भीतीने. मग तिने डोळे पुसले आणि पहिल्या प्रकाराच्या कागदावर सही केली.

टिपणीस वाचले. तीन आठवडे घरी राहिले, बिनमिठाचं जेवले, संध्याकाळी मिहिकाचा हात धरून बिल्डिंगभोवती चालले. शरीर भरून येत होतं, पण मनात एक सल होता. चौथ्या दिवशीच त्यांनी अपर्णाला विचारलं होतं, की त्या दिवशी तू इतकी जोरात कशी काय आणलीस. ती म्हणाली, की पाय दाबला. मग तुला पोटात कसं नाही ढवळलं, असं त्यांनी विचारलं. ती भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, “मला पोट आहे हेच आठवत नव्हतं.”

बायकोचं हे उत्तर कुठल्याही नवऱ्याला पुरलं असतं. टिपणीसांना मात्र इको गाडी अशी पळते कशी हा तांत्रिक प्रश्न उरलाच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून अडतीस मुद्द्यांचा अहवाल दिला. त्यात सर्व मुद्द्यांपुढे ‘समाधानकारक’ लिहिलं होतं. (एकोणतिसावा मुद्दा ‘ग्राहकाचा अनुभव’ असा होता, तोही समाधानकारक होता.) शेवटी कुणीतरी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या खैरुद्दीनचं नाव सुचवलं. सव्वीस वर्षं त्याने वेगवेगळ्या गाड्यांखाली पाठीवर झोपून काढली होती. त्याने प्रश्न ऐकला, नॉबभोवतीचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला.

मग त्याने टिपणीसांना वाकून बघायला सांगितलं. नॉबच्या मागे तीन वायर होत्या. एक स्क्रीनकडे जात होती, एक स्पीकरकडे. तिसरीच्या टोकाला कारखान्यातलं निळं प्लास्टिकचं टोपण तसंच होतं. ती कुठेच जात नव्हती.

“साहब, ये लाइट का रंग बदलता है और आवाज़ बदलता है,” खैरुद्दीन म्हणाला. “इंजन को कुछ नहीं बोलता.”

“तो गाडी कौन से मोड में चल रही थी?”

“जो पैदाइशी है, उसी में.”

टिपणीस टायरच्या एका ढिगावर बसले. नऊ महिन्यांचे सगळे मोड त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. स्पोर्टमध्ये पाठीत बसणारा तो हलका धक्का त्यांनी स्वतः अनुभवला होता. स्वप्नालीवहिनी मेट्रो स्टेशनला उतरल्या होत्या. अपर्णाच्या आलेपाकाच्या वड्या खऱ्या होत्या. खैरुद्दीनने चहा मागवला. मग तो म्हणाला, की यल्ला, चला, दोन तासांचं काम आहे, जोडून देतो, किंवा कंपनीकडे न्या, वॉरंटीत फुकट होईल, माफीही मागतील.

टिपणीसांनी चहा संपवला. वायर जोडली तर गाडी खरोखर सहा प्रकारांनी चालणार होती, आणि मग त्यातला कुठला प्रकार आपल्याला झेपत नाही हेही कळणार होतं. शिवाय डॉक्टरांनी उत्तेजना टाळायला सांगितली होती. त्यांनी खैरुद्दीनला झाकण पुन्हा बसवायला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. बसवताना एवढंच म्हणाला, की साहब, तुम्ही तिसरे.

त्या शुक्रवारी टिपणीस अपर्णाला घेऊन अबुधाबीला निघाले. हायवेला लागताच सवयीने त्यांनी स्पोर्ट लावला. पाठीत हलकासा धक्का बसला. पाच मिनिटांनी अपर्णाने पर्समधून वडी काढली आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नॉब कम्फर्टवर आणला. तिने सीटला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “आता बरं वाटतंय.” एवढं ऐकणारा नॉब एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना दुसरा मिळाला नव्हता. वायरीची गोष्ट त्यांनी मनातच ठेवली.

जानेवारीत राजनने केबिनमध्ये बोलावून, जरा संकोचत, त्यांचा सल्ला विचारला. त्यालाही तोरवेला घ्यायची होती, पण साधी घ्यावी की वरची, हे ठरत नव्हतं. टिपणीसांनी दार लावून घेतलं. जीटी प्लसच्या खाली काही घेऊ नकोस, असं त्यांनी त्याला मनापासून सांगितलं, खालच्यांत फरक जाणवतच नाही. राजनने ती घेतली. फरक लगेच जाणवला, असं त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

टिपणीसांना हसणारे वाचक असतील, आणि त्यांनी हसावं. फक्त हसून झाल्यावर घरातल्या वॉशिंग मशीनवर चौदा प्रोग्रॅम आहेत याची त्यांनी नोंद घ्यावी. दहावाल्या मशीनपेक्षा चौदावालं आपण जास्त पैसे देऊन घेतलं. त्यातला एकच आपण लावतो, आणि तोही मशीन पोचवायला आलेल्या माणसाने लावून दिलेला. उरलेल्या तेरांच्या वायरी मागे कुठे जातात हे बघायला आता उठू नका. बटण फिरवा, फिरेल. दिवाही लागेल.