गिरणीतली जनसुनावणी

"मैना, हा 'वादळ आकार' काय प्रकार हे?" वीजबिल नाचवत गोरक्ष पिठाच्या गिरणीत शिरला.

बायकोनं पदरानं हात पुसले. "आता वाऱ्याचंबी बिल? जाऊन विचारा की!"

गोरक्ष तडक वीज कचेरीत गेला. खिडकीमागचे साहेब अगदी थंड. "सुरगाण्याकडं वादळात खांब पडले, तारा तुटल्या. तो दुरुस्तीचा खर्च सगळ्या ग्राहकांवर वाटलाय."

"अहो, माझी गिरणी पंचवटीत! इथं दोरीवरचा टॉवेलसुद्धा उडाला नाही!"

"वीज नियामक आयोगाची मंजुरी आहे. जनसुनावणी झाली, तेव्हा हरकत का नाही घेतली?"

आता गिरणी बंद ठेवून सुनावणीला कोण मरायला जातंय? पडलेले खांब फुकट उभे राहत नाहीत, हे गोरक्षलाही कळत होतं. पण पैसे आपल्याच खिशातून का, ते पटत नव्हतं. परत येताना त्याची ट्यूब पेटली. कंपनी खर्च पुढं ढकलते, मग आपण काय कुणाचं घोडं मारलंय?

दुसऱ्या दिवशी गिरणीवर पाटी लागली: 'वादळ आकार, किलोमागे एक रुपया.'

पहिल्या आल्या लताबाई. त्या पोळीभाजीचे डबे पुरवायच्या, गिरणीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "काय रे, वादळ तुझ्या गिरणीत घुसलं व्हतं का?"

"कंपनीनं लावला, म्हणून मी लावला."

"मग कंपनीसारखी सुनावणीबी घे. नायतर मी चालले समोरच्या नव्या गिरणीत."

लताबाई गेल्या की निम्मी गल्ली त्यांच्यामागं जाणार आणि गिरणीला कुलूप लागणार. झक मारत गोरक्षनं रविवारी सुनावणी ठेवली.

निवृत्त मास्तर धम्मपाल सर खुर्चीत बसले. बाकीची गल्ली धान्याच्या डब्यांवर टेकली.

"दर वाढवायचा तर आधी तोटा दाखव," सर म्हणाले.

"तोटाच तोटा हे सर! खायचे वांधे झालेत!"

"आणि दळताना आमचं पीठ कमी भरतं, ते कुठं जातं रे?" लताबाईंनी विचारलं.

"ती घट! हवेत उडतं ते." गोरक्षचं हे उत्तर पाठ होतं.

तेवढ्यात मैना चहा घेऊन आली. लताबाई कळवळल्या. "पोरी, खायचे वांधे म्हणं तुमचे! कसा गं रेटते संसार?"

चारचौघांत नवऱ्याची अशी कीव? मैनाला ते सहनच झालं नाही. ती ठसक्यात म्हणाली, "वांधे आणि आमचे? काहीतरीच काय! लग्न होऊन आले तवापासून या घरात गहू इकत आणला नाय! गिरणी झाडली की पिठाचा डबा काठोकाठ!"

गोरक्षनं कपाळावर हात मारून घेतला.

वादळ आकार तिथल्या तिथं नामंजूर झाला. सोमवारपासून गिऱ्हाइकं दळण झालं तरी हलेनात. गिरणीच्या तोंडाची कापडी पिशवी बडवून बडवून शेवटची चिमूट पाडायची आणि मगच डबा उचलायचा. घरातलं पीठ संपलं आणि गोरक्षला गहू विकत आणावे लागले.

मैनानं ते निवडले, डबा त्याच्या हातात दिला आणि बजावलं, "पीठ मोजून घेणार हे मी. घट-बिट मला सांगायची नाय."