परबकाकांचं नेटवर्क

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये परबकाका भेटले की ‘कशी आहेस’ वगैरे विचारत नाहीत. थेट मुद्द्यावर येतात. “रिक्वेस्ट पाठवलीय. अजून पेंडिंग दिसतेय.”

काका पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या डिस्पॅच खात्यातून रिटायर झाले आणि भाच्याने त्यांना नोकरीधंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या एका साइटवर खातं उघडून दिलं. काकूंच्या मते भाच्याने सूड उगवला. तेव्हापासून अंधेरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये साधा माणूस उरलेला नाही. वॉचमन ‘गेट ऑपरेशन्स हेड’ झाला. जिना झाडणाऱ्या मावशी ‘फ्लोअर मॅनेजमेंट’मध्ये गेल्या. वर्सोव्याहून मासे घेऊन येणाऱ्या ताईंचंही प्रोफाइल काढायला काका बसले होते. त्या म्हणाल्या, “ते राहू दे काका, पापलेट घेताय का सांगा.”

“नेटवर्क पाहिजे गं,” हे काकांचं पालुपद. त्यासाठी भाच्याच्या लग्नातला कोट घालून फोटो काढला. कोटाखाली बर्म्युडा होती. म्हणाले, “खाली कोण बघतंय?”

सकाळचा चहा झाला की काका अनोळखी लोकांचं अभिनंदन करायला बसतात. कुणाला प्रमोशन मिळालं की लिहितात, ‘आईवडिलांना आनंद झाला असेल.’ कुणी नेतृत्वावर लांबलचक इंग्रजी निबंध टाकला की त्याखाली काकांचं मराठीत, ‘छान. तब्येत सांभाळा.’

“माझ्या आमटीक कधी लाइक नाय,” काकू म्हणतात.

मीही हसायचे. मग माझी नोकरी गेली.

अकाउंट्समधल्या आम्हा तिघांना एका दुपारी घरी पाठवलं. आईचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, तिला सांगायची हिंमत होईना. रोज डबा घेऊन निघायचे आणि जुहूला जाऊन बसायचे. साइटवर मात्र ‘काम शोधत आहे’ एवढं गुपचूप टाकलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये काका हळूच म्हणाले, “आईला ठाऊक नाही ना?”

“नाही.”

“बरं. मग सायलेंट मोडवर काम करतो.”

सायलेंट मोड म्हणजे काय, ते मला दोन दिवसांनी कळलं. काकांनी आपल्या झाडून सगळ्या ओळखींना लिहिलं होतं, ‘शेजारची मुलगी. हिशेबात पक्की. स्वभावाने थोडी तापट, पण मनाने चांगली. घ्यावी.’

“काका, तापट कशाला लिहिलंत? वाट लागली माझी.”

“डिस्पॅचचा नियम आहे. मालावर डाग असेल तर चलानावरच लिहायचं. नंतर माल परत येत नाही.”

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यामुळे तापटपणा सिद्ध झाला, एवढंच.

पुढच्या आठवड्यात कुर्ल्याहून फोन आला. औषधांचं मोठं गोदाम होतं, तिथल्या अकाउंट्स बघणाऱ्या शेख मॅडमनी इंटरव्ह्यूला बोलावलं. माझे कागद वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तापट म्हणजे किती?” मी खाली बघितलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, “परब सर तुमचे कोण?”

“शेजारी.”

“माझे वडील गेले तेव्हा मी साइटवर दोन ओळी लिहिल्या होत्या. सगळ्यांनी एकेकदा हळहळ कळवली. हे मात्र कितीतरी दिवस रोज सकाळी विचारायचे, काल रात्री झोप लागली का? मी त्यांना कधी बघितलेलंही नाही.”

नोकरी मिळाली. आईला गेलेली आणि मिळालेली, दोन्ही एकदमच सांगितल्या, त्यामुळे ओरडावं की हसावं हे तिला ठरवता येईना. मग पेढे घेऊन काकांकडे गेले. काकू स्वयंपाकघरात मिक्सरवर वाटण करत होत्या. काकांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

“बाई बोलायला कशा आहेत? म्हणजे आवाज कसा आहे?”

“चांगला आहे. का हो?”

“काही नाही. एवढी माणसं जोडली, आवाज एकाचाही ऐकलेला नाही.” मग पेढ्याकडे बघत म्हणाले, “डिस्पॅचला दिवसभर फोन वाजायचा गं. रिटायर झालो आणि वाजायचाच बंद झाला.”

मी शेख मॅडमना फोन लावला, “परब सर बोलतायत,” म्हटलं आणि फोन काकांच्या हातात दिला.

काका उठून उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. “हॅलो,” म्हणाले आणि नुसते ऐकत राहिले.

आत काकूंनी मिक्सर बंद केला.