आत्याशिवाय

लग्नाने दोन माणसं नाही, दोन कुटुंबं जोडली जातात, असं सुबोध आंगणे लेकीच्या, निधीच्या लग्नात माइक हातात घेऊन म्हणाले होते आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. कुटुंबं जोडली जातात म्हणजे नक्की काय होतं, ते त्यांना महिनाभराने कळलं. एक व्हॉट्सॲप ग्रुप होतो. त्याचं नाव 'आंगणे-राऊळ परिवार' असतं, त्यात रोज सकाळी कमळं येतात आणि त्यातून बाहेर पडायची सोय नसते.

या ग्रुपवर लग्नाचे फोटो पाठवायचे होते. फोटोग्राफरने एका पेनड्राइव्हमध्ये फोटोंचा डोंगर दिला होता आणि बजावलं होतं, "दोन्ही घरांनी मिळून निवडा. अल्बम छापल्यावर माझ्याकडे भांडत येऊ नका." मुलीकडच्यांनी आधी निवडायचे, मग मुलाकडच्यांनी बघून हो म्हणायचं, असं ठरलं. बोरीवलीच्या घरात निधीची आई माधुरी सलग चार संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसली. चौथ्या संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, या लग्नात निधी कुठे आहे?"

अडचण शकुआत्याची होती. शकुआत्या म्हणजे जावयाच्या, चैतन्यच्या वडिलांची थोरली बहीण. गिरणी बंद पडून तिचे वडील घरी बसले तेव्हा तिने खानावळ चालवून तीन भावांना वाढवलं. आता ते सगळे कांदिवलीत चारकोपला एकाच बिल्डिंगमध्ये राहत आणि आत्याने मान डोलावल्याशिवाय राऊळांच्या घरात कुकरची शिट्टीही होत नसे. लग्नही तिनेच पार पाडलं, आणि तेही कॅमेऱ्यासमोर. वरमाला पडताना वधूवरांच्या मध्ये आत्या. मंगळसूत्र बांधताना निधीच्या गळ्याशी आत्याचं कोपर. सप्तपदीच्या प्रत्येक पावलात कुठून तरी आलेला हिरव्या बांगड्यांचा एक हात, बोट पुढे, कोणाला तरी काहीतरी दाखवणारा.

माधुरी पद्धतशीर बाई. तिने फोटोंचे फोल्डर केले. 'आत्या मध्ये', 'आत्याचा हात', 'आत्या भटजींना सांगताना', 'आत्या जेवताना', आणि शेवटचा, सगळ्यात लहान, 'आत्याशिवाय'. अल्बमला तोच जायचा होता.

पाठवायची जबाबदारी सुबोधरावांनी आपणहून घेतली. अंधेरीच्या एका विमा कंपनीत ते रेकॉर्ड विभागाचे प्रमुख होते. फोटो सुटे पाठवले की पुसट होतात, त्यांची झिप फाइल करून पाठवली तर जसेच्या तसे पोचतात, हे त्यांनी माधुरीला दोनदा समजावून सांगितलं. तिने विचारलं नव्हतं. शनिवारी दुपारी जेवणानंतर त्यांनी फोल्डरची झिप केली, फोनवर घेतली, 'आंगणे-राऊळ परिवार'वर सोडली आणि आडवे झाले.

"एवढी मोठी कशी झाली हो फाइल?" माधुरीने विचारलं.

"फोटोच आहेत ते. मोठीच असणार."

"आत्याशिवायचे तर थोडेसेच होते."

सुबोधराव उठून बसले. त्यांनी आतला फोल्डर नाही, बाहेरचा फोल्डर पाठवला होता. पाचही. नावांसकट.

"काढा ती आधी," माधुरी शांतपणे म्हणाली. तिचा शांतपणा सुबोधरावांना पंचवीस वर्षांपासून माहीत होता. "निधीला तिथे नांदायचंय."

त्यांनी मेसेजवर बोट दाबून धरलं. दोन पर्याय आले. सगळ्यांसाठी काढा, फक्त माझ्यासाठी काढा. चष्मा पलंगाच्या पलीकडच्या बाजूला होता. फाइल दिसेनाशी झाली आणि सुबोधरावांनी सुटकेचा श्वास सोडला. चष्मा लावल्यावर त्यांना कळलं, की ती फक्त त्यांच्यासाठी दिसेनाशी झाली होती. खाली 'परत आणा' अशी एक पट्टी आली होती, ती ते वाचेपर्यंत गेली.

"आता?" माधुरी म्हणाली.

"आता ग्रुपचा ॲडमिनच काढू शकतो."

"ॲडमिन कोण आहे?"

सुबोधरावांनी बघितलं. ॲडमिन एकच होती. तिच्या फोटोत हिरव्या बांगड्या दिसत होत्या.

एवढ्यात ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया आली. मुलुंडचा नंदू, सुबोधरावांचा मावसभाऊ, त्याने लिहिलं होतं, 'अप्रतिम फोटो. सर्वच सुंदर. आत्यांचे विशेष कौतुक.' सुबोधरावांनी नंदूला फोन लावला.

"नंदू, तू फोटो बघितलेस?"

"नाय रे. डाउनलोडच होतेय अजून."

"मग आत्यांचं कौतुक कशाचं केलंस?"

"लग्नात त्याच तर दिसत होत्या ना यार."

यातून सुबोधरावांना आशेचा किरण दिसला. कोणी फाइल उघडलेलीच नव्हती. पाठोपाठ व्याही जयवंत राऊळ यांचा फोन आला आणि तो किरण चांगलाच लख्ख झाला.

"सुबोधराव, तुमची फाइल आली. पण काय दिसत नाय हो. नुसतं कागदाचं चित्र येतंय."

"ती अशी उघडत नाही, जयवंतराव. तिला वेगळं ॲप लागतं."

"कुठलं? सांगा, घेतो."

"ते आता मिळत नाही."

"मग पाठवलीत कशाला?"

या प्रश्नात तथ्य होतं. सुबोधरावांनी फाइल खराब निघाली असं सांगून टाकलं आणि फक्त 'आत्याशिवाय'मधले फोटो घेऊन दुसरी झिप बनवली. आतलं नावही बदलून 'निवडक' केलं. ती ग्रुपवर टाकली आणि कचेरीतल्या सवयीने खाली लिहिलं, 'सर्वांस कळविण्यात येते की पहिली फाइल कोणीही उघडू नये. दुसरी उघडावी.'

तोपर्यंत ग्रुपवर बहुतेकांना कुठलीच फाइल उघडायची नव्हती. आता सगळ्यांना पहिली उघडायची होती. जयवंतरावांच्या धाकट्या भावाने विचारलं, 'पहिलीत काय आहे?' नंदूने त्यावर हसणारे चार चेहरे टाकले. माधुरीच्या बहिणीने लिहिलं, 'माझ्याकडे पहिलीच आली आहे, दुसरी नको.' मग निधीचा फोन आला, बाल्कनीतून बोलत असल्यासारखा.

"बाबा, पहिल्या फाइलमध्ये काय आहे?"

"काही नाही गं."

"आईने फोल्डर केलेले ना? नावं घालून?"

सुबोधरावांनी माधुरीकडे बघितलं.

"बाबा, वाट लागली माझी. सगळे विचारतायत. काहीतरी करा ना."

"आत्या काय म्हणतायत?"

"काहीच नाही. त्या मटारच्या शेंगा सोलतायत."

आत्याने अजून काहीच विचारलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते शुभलक्षण मानलं. मुलीच्या आवाजाने मात्र ते हलले, आणि माणूस हलला की जे करतो ते त्यांनी केलं. ग्रुपवर लिहिलं, 'पहिल्या फाइलमध्ये व्हायरस आहे.'

ग्रुप पेटला. धाकट्या राऊळांचा फोन गरम लागू लागला. माधुरीच्या बहिणीच्या फोनवरची घड्याळाची वेळ तिच्या मते चुकत होती. नंदूने कळवलं, की खबरदारी म्हणून त्याने फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. हे त्याने बायकोच्या फोनवरून कळवलं.

आणि मग शकुआत्याचा फोन आला.

"सुबोधराव, तुमचो व्हायरस आमच्या घरात शिरलो."

"हो, म्हणजे, तसं काही घाबरण्यासारखं—"

"मी खय घाबारतंय? तुमी पाठवलास, तुमीच येऊन काढा. उद्या सकाळी येवा. माधुरीक घेऊन येवा. घावणे करतंय."

फोन ठेवल्यावर सुबोधरावांचा चेहरा उजळला. "बघ," ते म्हणाले, "आपणहून बोलावलं. सगळ्यांचे फोन माझ्या हातात येणार. एकेकातून काढून टाकतो."

"आणि आत्यांच्या फोनमधून?"

"ती तर आधी."

रविवारी सकाळी ते दोघं रिक्षाने चारकोपला पोचले. राऊळांच्या हॉलमध्ये टीपॉयवर स्टीलचं मोठं ताट होतं आणि त्यात बिल्डिंगमधल्या तमाम राऊळांचे फोन मांडलेले होते. शेजारच्या दोघांनीही आपापले आणून ठेवले होते. त्यातला एक बटणांचा होता.

"याच्यात व्हायरस येऊ शकत नाही," सुबोधराव म्हणाले.

"असूदे, इलास तसो बघून ठेवा," आत्या म्हणाली. ती समोरच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर हात, बोट नेहमीसारखं पुढे.

सुबोधराव कामाला लागले. एकेक फोन घ्यायचा, कपाळाला आठ्या घालायच्या, "हं" म्हणायचं, फाइल काढून टाकायची. जयवंतराव शेजारी उभे राहून "निघाला?" असं विचारत होते. निधी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि चैतन्य तिच्या मागून. शेवटी आत्याने आपला फोन कंबरेच्या बटव्यातून काढून दिला. सुबोधरावांनी त्यातली फाइल काढली, ग्रुपवरचा मेसेजही तिच्याच बोटाने सगळ्यांसाठी काढून घेतला आणि फोन परत दिला.

घावणे आले, चटणी आली, कॉफी आली. सुबोधरावांनी चौथा घावणा घेतला. लग्नापासून प्रथमच त्यांना व्याह्यांच्या घरी घरच्यासारखं वाटलं.

"बरो झालो?" आत्याने विचारलं.

"फारच सुंदर."

"घावणो नाय. माझो हात. फोटोत बरो इलो काय?"

माधुरीने बशी खाली ठेवली.

"तुम्ही... उघडलीत फाइल?" सुबोधराव म्हणाले.

"कालच. तुमी पाठवलास तेवाच."

"कशी उघडलीत?"

"बोट लावलंय. उघडली."

"पण आता तर मी ती काढली."

"फाइल काढलास. फोटो गॅलरीत असत." आत्याने फोन पुढे धरला. रेकॉर्ड विभागाच्या प्रमुखांना ही गोष्ट माहीत असायला हवी होती. त्यांनी मान खाली घातली.

निधी पुढे आली. "आत्या, आईचा तसा हेतू नव्हता, ती फक्त—"

"तू गप रव," आत्या म्हणाली, पण तिला हाताला धरून शेजारी बसवत. "माधुरी, तू हकडे ये. तू केलंस ना ह्या सगळा? माका एक सांग. तुझे ते आत्याशिवायचे फोटो तू नीट बघलंस?"

"बघितले ना."

"परत बघ."

माधुरी वाकली. मग सुबोधराव वाकले. चैतन्य आणि जयवंतरावही आले. पहिल्या फोटोत निधी आणि चैतन्य हार घालून उभे होते आणि दोघंही डावीकडे बघत होते. दुसऱ्यात मामा अंतरपाट धरून डावीकडे बघत होता. होमासमोर भटजी डावीकडे. ग्रुप फोटोत मुलीकडचे, मुलाकडचे, कडेवरचं एक बाळ, सगळे एकजात डावीकडे.

"सगळे तिकडे कुठे बघतायत?" जयवंतरावांनी विचारलं.

"माझ्याकडे," आत्या म्हणाली. "थय मी उभी होतंय. सरळ बघा म्हणून सांगत होतंय."

चैतन्यला पहिलं हसू फुटलं. मग निधीला, आणि ती आत्याच्याच खांद्यावर डोकं टेकून हसत राहिली. माधुरीने तोंडाला पदर लावला. सुबोधरावांना हसावं की नाही ते ठरवता येईना, म्हणून त्यांनी पाचवा घावणा घेतला.

"मग आता काय करायचं, शकुताई?" ते म्हणाले. "तुम्ही असलेले घालूया अल्बमला. त्यात लोक सरळ तरी बघतायत."

"नको. पोरीचा लगीन असा, माझा नाय." आत्याने विचार केला. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "माधुरीन काढलेलेच घाला. फक्त पयल्या पानावर माझो एकटीचो घाला, हात वर केलेलो. म्हणजे मागसून सगळे खय बघतत, ता लोकांका कळात."

यावर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. सुबोधरावांनी तो फोटो वेगळा काढला. "फोटोग्राफरला झिप करून पाठवतो," असं म्हणून त्यांनी फोन हातात घेतला, तर माधुरीने तो काढून घेतला आणि चैतन्यकडे दिला.

अल्बम आत्याने सांगितला तसाच छापून आला. मखमली पेटीतला, सोनेरी कडांचा, जाड पानांचा. तो फार जड असल्यामुळे राऊळांनी कपाटावर ठेवला आहे, आणि खाली काढायचा तर स्टूल लागतं, म्हणून सहसा कोणी काढत नाही.