ठकूबाईंचे न पेरलेले पाहुणे

नेरे गावातील माझ्या शेजारीण ठकूबाई आपल्या परसात स्वतः काहीही पेरत नाहीत. जे आपसूक उगवते, त्याच्या बुडाशी मात्र तांब्याने पाणी घालतात आणि विचारतात, "कुटनं आलात, पाव्हणं?" उत्तरही त्याच देतात. टोमॅटो खरकट्या पाण्यातून, भोपळा शेणातून, मिरची पाखराच्या पोटातून. आणि पाहुण्याला उपटणे त्यांच्या लेखी अधर्म.

मी निवृत्त कार्यालयीन अधीक्षक; माझ्या कायदेशीर भाषेमुळे ठकूबाई मला 'वकील' म्हणतात. पत्राने पूर्वसूचना दिल्याशिवाय मी कोणाच्याही दारी जात नाही. त्यांच्या भोपळ्याने कुंपण ओलांडून माझ्या न्हाणीघराच्या पत्र्याचा बेकायदेशीर ताबा घेतला, तेव्हा मी रीतसर नोटीस काढली : पंधरा दिवसांत वेल हटवावा, अन्यथा मी तो तोडीन. त्यांना वाचता येत नसल्यामुळे ती मलाच कुंपणापाशी उभे राहून वाचून दाखवावी लागली.

"लई झ्याक लिवलंय, वकील! पर हे भोपळ्याला सांगा. म्या कुटं लावलाय त्येला?"

संतापाने मी कायद्याची पुस्तके उपसली. न पेरलेल्या वेलाचा प्रतिवादी कोण, हे एकातही सापडेना.

सोळाव्या दिवशी सकाळी कोयता घेऊन शिडी चढलो आणि तिथेच थबकलो. कोणी खत घातले नव्हते, मांडव घातला नव्हता. तरीही तो बोटाएवढ्या जाडीचा वेल उकिरड्यापासून वीस हात चालत आला होता आणि पत्र्यावर घागरीएवढे चार भोपळे मांडून बसला होता. इतके देखणे अतिक्रमण मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते.

खाली ठकूबाई तांब्या घेऊन उभ्या.

"तोडा, वकील. तुमची हद्द हाय."

"एवढी सुपीक जमीन, आणि स्वतः चार बिया टोचवत नाहीत तुम्हाला?" मी वरूनच खेकसलो.

ठकूबाईंनी वेलाकडे पाहिले. "पेरलं की वाट बगावी लागती. हिंजवडीचा ल्योक दर आयतवारी येतो म्हनतो. भाकरी वाळून जाती. ह्ये न्हाई तसं. काय सांगत न्हाईत, पर येत्यात."

मी कोयता घेऊन खाली उतरलो. नोटीस मागे घेत असल्याचे पत्र लिहावयास बसलो. 'महोदया' या शब्दापुढे लेखणी सरकेना.

रविवारी दुपारी, आयुष्यात प्रथमच पूर्वसूचनेवाचून, मी त्यांच्या दारात उभा राहिलो. पाटीत दोन भाकऱ्या झाकलेल्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कुटनं आलात, पाव्हणं?"

"कुंपणावरून," मी म्हणालो.