गुडघ्याचा आकडा

वैद्यकशास्त्राची सारी प्रगती रुग्णाच्या खरेपणावर उभी आहे आणि रुग्णाचा खरेपणा त्याच्यावर झालेल्या संस्कारांवर. आमच्या मामावर संस्कार फार चांगले झाले आहेत.

मामाचा गुडघा दुखतो. लेक तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दर रविवारी ती नातीला घेऊन खाली यायची आणि मामा पायरीवर बसून नातीशी खेळायचा. पण नातीने आपल्यासाठी जिने उतरावेत हे त्याच्या मानी स्वभावाला पटेना. म्हणून गुडघेदुखीच्या नव्या गोळीवर संशोधन निघालं तेव्हा त्यात त्याने नाव नोंदवलं. भाचा या नात्याने सोबतीला मी.

संशोधनाची पद्धत निर्दोष होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना साखरेची; कोणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. (दोघांनाही काही ठाऊक नसणं ही तशी जुनीच पद्धत, इथे तिला शास्त्रीय दर्जा मिळाला इतकंच.) दर आठवड्याला प्रश्न एकच: शून्य ते दहा, दुखणं किती?

प्रश्न विचारायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. डोळ्यांखाली काळं, टेबलावर डबा तसाच बंद. पहिल्या खेपेला मामाने खरं ते सांगितलं, "आठ." बाईंचा चेहरा पडला.

बाहेर येताच मामा म्हणाला, "पोरीने एवढ्या आशेने विचारलं आणि मी तोंडावर आठ म्हणालो. शोभतं का हे?"

पुढच्या खेपेला सहा. मग चार.

"मामा, आत्ता पायरी उतरताना तू आई गं म्हणालास!"

"अरे, गुडघा काय, माझाच आहे, तो कुठे पळून जातोय? पोरीचं मन कशाला मोडा?"

बाकावरची इतर मंडळीही चांगल्या घरची निघाली. एक शिंपीकाका दोनवर उतरले होते. एका आजींनी तर उणे एक दिला. (तेवढाच पोरीला हातभार.) मागाहून कळलं, साखरवाला गट किंचित पुढेच होता, कारण इतकी औषधं खाऊन काहीच गुण येत नाही याची लाज त्यांना जास्त वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांना सांगितलं, "बरं चाललंय." साहेबांनी कंपनीला कळवलं, "उत्तम चाललंय." कंपनीने ते जगाला कळवलं. गोळी बाजारात आली, आणि पूर्ण बरा झालेला रुग्ण म्हणून, तोवर शून्यावर पोचलेल्या मामाचा फोटो दवाखान्याच्या भिंतीवर लागला. लेक तो पाहून आनंदाने रडली.

त्यामुळे आता रविवारी खाली कोणी येत नाही. धडधाकट माणसासाठी नातीला जिने कशाला उतरवायचे? मामा पहिल्या वळणापर्यंत चढतो आणि कठडा धरून तिथेच बसतो. वरून नात हाका मारते. लेक विचारते, "बाबा, गुडघा कसा आहे?"

"एकदम झकास. जरा वारा खातोय."

मला ते बघवेना. डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगायचं ठरवून मी तडक दवाखाना गाठला. बाई चक्क डबा उघडून जेवत होत्या. हसून म्हणाल्या, "काय म्हणतात मामा?"

"मजेत आहेत," मी म्हणालो.

हसू नका. ही कथा कशी वाटली असं मी समोर उभं राहून विचारलं, तर तुम्ही काय म्हणाल ते मला पक्कं ठाऊक आहे. त्याच भरवशावर ती छापायला दिली आहे.