नानांची वायर आणि माझा अर्ज

सुपडूनाना सगळं सुतळीने मोजायचे. बाजारातला टेप त्यांना मान्य नव्हता. बनवणारा आतून इंचभर खातो, असं त्यांचं ठाम मत होतं. सुतळीला वितीवितीवर गाठी मारलेल्या, आणि वीतही स्वतःची. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांनी जन्म काढला आणि निवृत्तीनंतर जळगावात आमच्या कॉलनीत, माझ्या शेजारच्या घरात राहायला आले. येताना एकच शिकवण घेऊन आले, “भरवसा नको. बठ्ठं मोजी ल्या.” म्हणजे सगळं मोजून घ्या.

लाल वायर लाल दिसते म्हणून नाना तिला लाल मानत नसत. टेस्टर खरं बोलतो का, हे ते दुसऱ्या टेस्टरने तपासत. मग दुसऱ्याचं काय, असं मी एकदा विचारलं. “त्यानासाठे तिसरा ठेयेल शे,” म्हणाले, आणि खरंच खिशातून तिसरा काढून दाखवला.

असा माणूस शेजारी असला की आपल्यालाही संशयाची सवय लागते. मला तर ती आधीच होती. तहसील कचेरीत मी अव्वल कारकून होतो. ‘काही नाही’ म्हणणारा माणूस काहीतरी करत असतो, हे मी तिथे शिकलो होतो.

सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नानांनी घरातला जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर ओसरीत आणला. तो त्यांच्या बायकोचा, अक्कांचा. त्यावर अक्कांनी अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिका छपाईसाठी तयार केल्या होत्या. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर अक्का घराबाहेर दिसल्या नव्हत्या. नाना त्या डब्याच्या डाव्या पत्र्याला करवतीने भोक पाडत होते. मी विचारलं, काय चाललंय? त्यांनी डबा भिंतीकडे वळवला आणि म्हणाले, “काही नाही.”

झालं. त्या दिवसापासून मी खिडकीतली खुर्ची सोडली नाही.

आधी कोपऱ्यावरच्या दुकानातले शेठ सांगत आले की नानांनी पायजम्याची नाडी मागितली, सुती, आतून पोकळ, तीस हात. किती पायजमे शिवताय, असं शेठनी विचारलं तर नाना नाडी सुतळीने मोजू लागले. नंतर ती नाडी मला दिसली. वरून आणखी एक आवरण म्हणून नानांनी प्रत्येक वायर तिच्यातून ओवून घेतली होती. वायरी बाजारच्या नव्हत्याच. लांबी सुतळीने ठरवायची, टोकं स्वतः झाळायची, आणि अर्धी वीत जरी जास्त भरली तरी सगळं उसवून पुन्हा करायचं.

मग मिठाचं पोतं आलं. मग कोळसा. नानांनी मागच्या परसात कमरेएवढा खड्डा खणून दोन्ही त्यात ओतले. आणि एका दुपारी ते सुतळी घेऊन सामाईक भिंतीवरच्या मीटरपाशी आले. तिथे त्यांचं आणि माझं मीटर शेजारी शेजारी. सुतळीचं एक टोक मीटरखाली धरून ते भिंतीकडेने मागच्या खोलीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मला वाटलं, माझ्या मीटरवरून वीज ओढायची तयारी चालली आहे.

मी वीज कार्यालयाला निनावी अर्ज केला. विषय, महोदय, सबब विनंती, सगळं रीतसर, माझ्याच हाताने लिहिलेलं. खाली सही तेवढी केली नाही.

माणसं आली ती सकाळी, सगळी कॉलनी दारात असताना. साहेबांनी अर्ज नानांच्या हातात दिला आणि चढ्या आवाजात विचारलं, चोरून वीज घेता का? नानांनी अर्ज वाचला. मग म्हणाले, “मोजी ल्या.” साहेबांनी मीटर तपासलं, खड्डा पाहिला, घरात जाऊन तो डबा उघडला. तासाभराने बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की मीठ-कोळशाच्या खड्ड्याचं इतकं चांगलं आर्थिंग त्यांच्या स्वतःच्या कार्यालयालाही नाही. नानांनी तेही लिहून मागितलं.

आता अर्ज केला कोणी? कॉलनीने ठरवलं, शेठनी. नाडीची गोष्ट गावभर त्यांनीच केली होती. लोक त्यांच्या दुकानासमोरून मान वळवून जाऊ लागले. शेठ माझ्यापाशी येऊन म्हणाले, “भाऊ, तुम्ही तरी सांगा, मी असा माणूस आहे का?” मी म्हणालो, लोकांचं मनावर घेऊ नका. नाना गेल्या वर्षी गेले. शेठ आहेत. म्हणून हे लिहितो आहे. तो अर्ज माझा होता.

साहेब येऊन गेल्यावर दोन दिवसांनी नानांनी मला घरात बोलावलं. मागच्या खोलीत अक्का खाटेवर बसल्या होत्या. लुळा उजवा हात मांडीवर ठेवलेला. डाव्या हाताशी तो पिवळा डबा, पत्र्यातल्या भोकात कूलरचं तळहाताएवढं बटण. या जुन्या यंत्रात भिंतीतली वीज थेट बटणापर्यंत येते. अक्कांच्या पत्रिका, त्यांतली छपाईची अक्षरं नव्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हती. आणि जुन्याचं बटण उजवीकडे होतं.

“भाऊ, तुमचे उपकार झाले,” अक्का अडखळत म्हणाल्या. “ह्यांच्या घरगुती वायरीवर माझा भरवसा नव्हता. महिनाभर बटणाला हात लावला नाही मी. तुम्ही साहेब आणून तपासून दिलं, आता भीती नाही.”

मी नानांकडे पाहिलं. ते सुतळी गुंडाळत होते.

फाटकापर्यंत ते सोडायला आले. मी बोलायला तोंड उघडलं, तर तेच हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, अक्षर तं मी तव्हाच वळखं. पन माले कोनी चोर म्हने, हाई तिले कळाले नको. मी तिले असंच सांगेल शे. आते तुम्हीबी तेच सांगा.”

आतून बटणाचा खट्ट आवाज आला आणि डब्यातला पंखा घरघरू लागला. अक्कांनी कोणाला न विचारता यंत्र चालू केलं होतं. नाना ऐकत उभे राहिले. त्यांचे तिन्ही टेस्टर खिशात होते. त्यांनी एकालाही हात लावला नाही.

त्यानंतर दर दिवाळीला अक्कांकडून फराळाचं पहिलं ताट माझ्याकडे यायचं. मी ते घेत गेलो.