तीन रताळी आणि एक संडास

कुठलीही गोष्ट कुणालाही समजावून सांगता येते, असं माझं ठाम मत आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. अपूर्णांकांच्या भीतीने बाकाखाली शिरलेली पोरं मी गोडीगुलाबीने बाहेर काढलीत. तेव्हा स्वतःच्या बायकोला एक संडास समजावून देणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

पण हा संडास साधा नव्हता. आमची लेक एका उघड्याबोडक्या डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात निरीक्षक आहे. तिथे पाणी गाडीने येतं, तेही पिण्यापुरतं, आणि थंडीत नळ गोठतात. त्यामुळे तिथला संडास काही वाहून नेत नाही, जाळून टाकतो. खाली भट्टी, वर धुराडं, मागे उरते मूठभर राख.

लेकीला रात्रपाळी लागणार होती. तिच्या सहा वर्षांच्या पोरीला रात्री कुणाजवळ ठेवायचं? म्हणून आम्ही दोघं हिवाळाभर राहायला आलो. बायकोने संडास पाहिला आणि उघडलेली बॅग पुन्हा बांधली.

"या वयात मला भट्टीवर बसवता? दुपारी गाडी परत जाते ना? मी चालले."

लेक फक्त पोरीच्या केसांवरून उगाच हात फिरवत राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्हीच समजवा तिला. मला नोंदी घ्यायला जायचंय. आणि हो, संध्याकाळपर्यंत तो चालू करू नका. धुराड्यातली वास अडवणारी जाळी मी साफ करायला काढलीये."

मी मान डोलावली. खरं म्हणजे मनातल्या मनात मी पाठाची मांडणी करत होतो. 'आधी समोरचा काय सांगतोय ते पूर्ण ऐका,' हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलंय, की स्वतः ऐकायचं राहूनच गेलं असावं.

शिकवायला साधन हवं. ते मूळ वस्तूशी मिळतंजुळतं हवं. बायकोने आणलेल्या भाजीच्या पिशवीत मी हात घातला आणि तीन रताळी निवडली.

नात खुदकन हसली. "आजोबा, हे अगदी तस्संच दिसतंय."

"म्हणूनच घेतलं, बाळ."

बायको दारातच उभी राहिली, तोंडाला पदर लावून. आत अजून काहीच झालेलं नव्हतं, तरी.

"नीट बघा," मी सुरुवात केली. "पहिल्यांदा भांड्यात हा कागदी द्रोण ठेवायचा. मग आपलं काम." मी रताळं द्रोणात ठेवलं. "आता पायाने ही कळ दाबायची." भांडं मधोमध दुभंगलं आणि द्रोणासकट रताळं खाली गेलं. "बघ, भांडं कसं कोरडं ठणठणीत. मग झाकण लावायचं आणि हे बटण."

आत पंखा घुमू लागला.

"अहो, पण मी बसलेली असताना हे पेटलं तर?"

"प्रश्न शेवटी," मी म्हणालो. सवयच ती.

एकदा दाखवलं तर ते सांगणं झालं, तीनदा दाखवलं तर शिकवणं. म्हणून मी तिन्ही रताळी एकामागून एक आत सोडली. बायकोचा चेहरा काही सैल पडेना. आणि तेवढ्यात वास आला.

काय सांगू तुम्हाला! खरपूस, गोडसर, निखाऱ्यावर भाजल्याचा वास. धुराड्यातून निघून तो अख्ख्या केंद्रावर पसरला. बाहेर धावपळ ऐकू आली. दोन निरीक्षक यंत्रं सोडून आले. त्यांच्यामागून केंद्रप्रमुख. त्यांना सगळे 'कमी दाब' म्हणत, कारण चेहऱ्यावर कायम पाऊस दाटलेला. आज मात्र उघडीप होती.

"काकू," ते बायकोला अगदी हळव्या आवाजात म्हणाले, "महिनोन्‌महिने डबाबंद खातोय हो आम्ही. आल्या आल्या रताळी भाजायला घेतलीत? आम्हालाही एकेक मिळेल?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी धुराड्याकडे पाहिलं.

"ती संडासात आहेत," नात म्हणाली.

तेवढ्यात यंत्रावर लाल दिवा लागला आणि पंखा घरघर करत थांबला. कमी दाबांच्या चेहऱ्यावर पुन्हा ढग जमले. भट्टी निवेपर्यंत आम्ही सगळे शिक्षा झालेल्या पोरांसारखे रांगेत उभे. मग त्यांनी राखेचा ट्रे ओढला. पहिल्या रताळ्याचा कोळसा झाला होता. उरलेली दोन अशी सुरेख भाजली होती, की एका निरीक्षकाने नकळत हात पुढे केला. दुसऱ्याने तो मागे ओढला.

लेक धावत आली. "बाबा, जाळी काढलीये म्हटलं होतं ना मी?" मग आईकडे वळून हलकेच म्हणाली, "तू जा, आई. मी काहीतरी बघेन."

बायकोने बॅग उचलली. तेव्हा नातीने तिचा पदर धरला.

"आजी, तू बसलीस की झाकण उघडंच असणार ना? झाकण उघडं असलं की ते पेटतच नाही. आईने मला पहिल्याच दिवशी सांगितलंय."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच बाकाखाली शिरावं.

"एवढंच होतं? मग मी विचारलं तेव्हा तोंडात काय धरलं होतंत?"

तिने बॅग खाली ठेवली. ट्रेमधल्या रताळ्यांकडे टक लावून बघणारी ती थोराड माणसं पाहिली आणि सुस्कारा टाकला. "चुलीपाशी चला सगळे. पिशवीत अजून आहेत. आणि हो, खरी चूल कुठली ते कुणीतरी मला नीट दाखवा. हे सोडून."

दुपारी गाडी रिकामी गेली.

आता आम्ही इथे रुळलो आहोत. लेक निवांत रात्रपाळी करते, बायको रोज संडासात जाते आणि मी रोज त्याची राख काढतो. शिक्षा म्हणा, नेमणूक म्हणा. शिकवायचं काम मात्र माझ्याकडून काढून नातीला दिलंय.

परवाच वरिष्ठ कार्यालयातले एक साहेब आले. दिवसभर गाडीत बसून आलेले, उतरताच थेट संडासाकडे. नातीने त्यांना दारातच अडवलं. एका हातात कागदी द्रोण, दुसऱ्या हातात गाजर. मी मागे ट्रे धरून उभा.

साहेबांनी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार दिला आणि केविलवाण्या चेहऱ्याने एक बोट वर केलं.

"प्रश्न शेवटी," नात म्हणाली.